हलकं पण अंगात नीट बसणारं टूरिंग जॅकेट: काय बघून घ्यायचं?

लंबूटांग्या

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच होता, पण दुकानदार, यूट्यूब आणि मित्र यांनी मिळून त्याचा पार गुंता करून ठेवलाय.

उंची ५ फूट ११ इंच, छाती ३७ इंच, हात लांब, पोट नाही (अजून तरी). गाडी ३५० सीसीची. पुण्यातून शनिवारी पहाटे निघायचं आणि कोकणात उतरायचं, अधूनमधून गोवा, आणि सप्टेंबरात स्पितीचं घाटतंय. बजेट फक्त जॅकेटचं १२ हजार, फार ताणलं तर १५.

अडचण अशी की एम घेतलं तर बाह्या मनगटाच्या वर जातात आणि एल घेतलं तर आत वारा भरून माझा फुगा होतो. एका दुकानात 'रायडिंग जॅकेट लूजच असतं सर' असं ऐकवलं. खरंच असतं का? मागे मित्राचं तीन अस्तरांचं जॅकेट घालून गेलो होतो, तर ताम्हिणी उतरून माणगाव येईपर्यंत खांदे भरून आले. तेव्हा हलकं हवंय, पण नुसतं पातळ नको. ब्रँड सांगा जरूर, पण आधी बघायचं काय ते सांगा.

घाटपायथा

लूजच असतं हे साफ खोटं. त्याच्याकडे एम शिल्लक नसणार.

आरशासमोर उभं राहून जॅकेट निवडू नका. उभ्याने बघितलं की बाह्या थोड्या लांब, पाठ थोडी खाली आणि पुढून जरा घोळ वाटला पाहिजे. गाडीवर बसलं, हात हँडलला गेले की हा सगळा घोळ खपतो. म्हणून दुकानाबाहेर तुमची गाडी उभी असतेच, तिच्यावर बसून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. जाताना हेल्मेट आणि ग्लोव्हज घेऊन जा, म्हणजे कॉलर हेल्मेटच्या मागच्या कडेला टेकून मान वर करताना अडते का, ते तिथेच कळतं. हे घरी येऊन कळलं तर उपयोग नाही.

बसल्यावर बघायच्या गोष्टी. खांद्याचा आर्मर (आतला संरक्षक पॅड) खांद्याच्या गोलाईवर टोपीसारखा बसला पाहिजे. तो दंडावर उतरला असेल तर जॅकेट मोठं आहे, मग छातीला कितीही बरोबर वाटो. कोपराचा आर्मर हात वाकवलेला असताना कोपराच्या टोकाला झाकून पुढे मनगटाच्या दिशेला गेलेला हवा. आता बरोबरच्या माणसाला सांगा की तो आर्मर बाहेरून पकडून पिळून बघ. इंचभर हलला तर ठीक. हाताभोवती फिरून आतल्या बाजूला गेला, तर पडताना रस्त्यावर घासत जाताना पण तेच होणार, आणि मग आत डीथ्रीओसारखा भारी पॅड आहे की थर्माकोल याने काही फरक पडत नाही. बारीक हाताच्या माणसाला हा त्रास फार होतो. म्हणून तुम्ही दंडाला आणि कोपराखाली आवळायचे पट्टे आहेत का हे आधी बघा, रंग नंतर.

काही जॅकेटांत कोपराच्या आर्मरच्या खिशात वर-खाली अशा दोन जागा असतात. लांब हातवाल्यांसाठी ही सोय सोन्याची. दुकानातली पोरं ती दाखवत नाहीत, कारण त्यांनाच ठाऊक नसते. अस्तराच्या आत हात घालून स्वतः बघा.

पाठ: पुढे वाकल्यावर मागून शर्ट दिसता कामा नये. जॅकेट आणि पँट जोडायची छोटी चेन असेल तर वापरा, घसरताना जॅकेट वर सरकत नाही.

कपड्याचं जॅकेट लेदरसारखं वापरून सैल होत नाही. पहिल्या दिवशी काखेत काचलं तर ते कायम काचणार.

कशाला_हवं

फुल शर्ट, हेल्मेट, ४० वर्षं गाडी. कायदा पण हेल्मेटच मागतो. बाकी सगळा बाजार.

घाटपायथा

काका, कायदा चप्पल घालून पण चालवू देतो. कॉटनचा शर्ट डांबरावर क्षणात फाटतो, पुढे घासते ती कातडी. घालायचं की नाही हा धागा वेगळा काढा, तिथे येतो मी भांडायला.

म्युनिकस्थ

लेबलाबद्दल थोडं लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी तिथेच होते.

'सीई आर्मर' आणि 'सीई जॅकेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (सीई ही युरोपातली नियम पाळल्याची खूण). आर्मरवर ईएन, म्हणजे युरोपियन मानक, १६२१-१ (खांदा-कोपर) किंवा ईएन १६२१-२ (पाठ) असं छापलेलं असतं. ते फक्त आतल्या पॅडबद्दल. पूर्ण कपड्याचं, म्हणजे कापड किती घासतं, शिवण किती ताण घेते, फाटतं किती याचं प्रमाण म्हणजे ईएन १७०९२. त्यात वरून खाली एएए, एए आणि ए असे वर्ग आहेत. बी म्हणजे घासण्यापासून बचाव पण आर्मरशिवाय, आणि सी म्हणजे आत घालायची नुसती आर्मरची जाळी. युरोपात २०१८ पासून मोटरसायकलच्या संरक्षक कपड्यांना असं प्रमाणपत्र लागतंच, म्हणून इथे दुकानात प्रत्येक जॅकेटच्या आत ते अक्षर शिवलेलं मिळतं. भारतात कित्येक जॅकेटांवर मोठ्या अक्षरात 'सीई सर्टिफाइड' असतं आणि आत बघितलं की प्रमाणपत्र फक्त पॅडचं निघतं.

हलकं मेश, म्हणजे जाळीचं, जॅकेट बहुतेक ए वर्गात येतं, चांगलं असेल तर एएमध्ये. प्रयोगशाळेतल्या घासण्याच्या चाचणीत खांदे-कोपरासारख्या सगळ्यात धोक्याच्या भागासाठी एला ताशी ४५ किमी, एएला ७० आणि एएएला १२० किमी एवढा वेग धरतात. म्हणजे ए घालून ४६ने गेलं की संपलं असा अर्थ नाही, हा यंत्राचा वेग आहे. पण दोन वर्गांमधलं अंतर केवढं आहे ते यातून कळतं. माझं मत विचाराल तर हायवेवर जाणाऱ्याने एए शोधावं. नाही मिळालं तर किमान खांदा आणि कोपर यांवर मेश नसून जाड कापड असलेलं घ्यावं. छाती, पाठ आणि बाहीच्या आतल्या बाजूला खुशाल जाळी असू दे.

आर्मरमध्ये लेव्हल १ आणि २. खांदा-कोपराच्या पॅडमधून पलीकडे जाणारं बल सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असलं तर लेव्हल १, २० पर्यंत असलं तर लेव्हल २. पाठीला १८ आणि ९. पाठीचं बघाच. कारण अनेक जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा घालून देतात. तो काढून फेका आणि लेव्हल २चं घाला, पण त्याआधी खिशाचा आकार मोजून घ्या. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

अजून एक बारीक गोष्ट. पॅडवर टी+ आणि टी- अशी खूण असते. टी+ म्हणजे ४० अंशाला पण चाचणी पास, टी- म्हणजे उणे १० ला. हे मऊ फोम उन्हात ढिले आणि थंडीत कडक होतात. तुम्ही कोकण आणि स्पिती दोन्ही म्हणताय, तेव्हा दोन्ही खुणा असलेलं बघा.

इंग्रजी चालत असेल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मोटोकॅपची यादी चाळा. ते बाजारातून कपडे विकत घेऊन तपासतात आणि संरक्षणाला वेगळे, उकाड्यातल्या आरामाला वेगळे तारे देतात. आपल्या कामाची गोष्ट ती दुसरी.

आणि युरोपियन मापाचा हिशोब: पुरुषांच्या मापाचा आकडा म्हणजे छातीच्या सेंटिमीटरचा अर्धा. ५० म्हणजे १००. तुमचे ३७ इंच म्हणजे ९४, तेव्हा ४६ ते ४८.

लंबूटांग्या

@म्युनिकस्थ, तीन दुकानं फिरलो, हे कोणी सांगितलं नव्हतं. घरी पडलेलं मित्राचं जॅकेट आत्ता उघडून बघितलं. पाठीला खरंच फोम आहे, पॅकिंगमधून निघतो तसला.

वैदर्भीय

मेशबद्दल आमच्याकडची एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना पटत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

हवा अंगापेक्षा थंड असते तोवर मेश भारी. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर ४५ असते तेव्हा जाळीतून आत येणारा वारा गार करत नाही, भाजतो. घाम येतो न येतो तोच उडून जातो, तुम्हाला वाटतं घामच येत नाहीये, आणि तासाभरात डोकं गरगरायला लागतं. आमच्याकडची बाई-माणसं उन्हात तोंडाला दुपट्टा बांधून निघतात ते काय उगाच नाही. अशा वेळी जाळी जेवढी झाकलेली तेवढं बरं. मी आत टी-शर्ट ओला करून घालतो, वरून मेश जॅकेटच्या पुढच्या चेनवरची पट्टी बंद ठेवतो आणि फक्त बाह्यांतून थोडी हवा येऊ देतो. ओला टी-शर्ट हळूहळू वाळतो, गारवा टिकतो. दर थांब्यावर परत ओला.

हाच प्रकार कोकणात करू नका. तिथल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, नुसतं चिकचिकतं. तिथे मोकळी जाळी आणि वेग हाच इलाज.

तात्पर्य, पूर्ण मेश घ्या पण छातीवर आतून लावता येणारी वाऱ्याची एक पातळ पट्टी किंवा लायनर सोबत असू द्या.

चिपळूणचा_पाऊस

पाऊस आला की आलोच मी.

लंबूटांग्या, तीन थरांचं जॅकेट घेऊ नका. आत घालायचं रेनलायनर म्हणजे पाऊस बाहेरचं कापड भिजवणार आणि तुम्ही फक्त आतून कोरडे. भिजलेलं कापड पाणी धरून जड होतं. वारा लागला की ते पाणी उडतं आणि जॅकेट गार पडतं. कुंभार्लीत जुलैत दात वाजतात ते पावसाने कमी आणि या ओल्या जॅकेटने जास्त. शिवाय लायनर घालायचं तर रस्त्याकडेला जॅकेट उतरवून पावसात उभं राहायचं! खिशातलं पाकीट, मोबाइल सगळं बाहेरच्याच थरात, म्हणजे पाण्यात.

हलकं मेश जॅकेट आणि त्याच्यावरून घालायचा वेगळा रेनसूट. दोन मिनिटांत चढतो, जॅकेट कोरडं राहतं, आणि स्पितीत कुंझुमसारख्या साडेचार हजार मीटरच्या वरच्या खिंडीत हाच रेनसूट वारा अडवतो. आत पातळ थर्मल आणि एक फ्लीस. झालं काम. तुमचं वजन अर्ध्यावर येतं आणि नको तेव्हा ते सामानात जातं, खांद्यावर नाही.

फक्त रेनसूट घेताना तो जॅकेटवरून घालूनच बघा, आर्मरसकट. शर्टावर घातलेला एल हा जॅकेटवर एम होतो. शिवणी आतून टेपने बंद आहेत का ते बोट फिरवून बघा. चेनवर दुहेरी पट्टी हवी, नाहीतर पाणी बरोबर नको तिथे जमा होतं. सीटवर बसून बघितलंय ज्याने तो जाणतो.

स्वारी_निघाली

बायकांच्या मापाबद्दल कोणी बोलणार आहे का? नाशिकमध्ये मला प्रत्येक दुकानात पुरुषांचं एक्सएस किंवा एस हातात ठेवतात. खांदे दंडावर, कंबरेला घोळ आणि हिपला चेन लागत नाही. 'मॅडम, खालून उघडी ठेवा' हा सल्ला मिळतो!

बायकांसाठी कापलेलं जॅकेट म्हणजे गुलाबी पट्टी लावलेलं पुरुषांचं जॅकेट नव्हे. छातीला शिवणीतून आकार दिलेला हवा, कंबरेला आवळता यावं आणि हिपवर दोन्ही बाजूंना उघडून घेर वाढवता येईल अशा चेन असाव्यात, त्याने बसल्यावर पोटाशी गोळा होत नाही. कोपराचा पॅड माझ्या हाताला हमेशा मोठा पडायचा. पॅडमध्ये टाइप ए (लहान) आणि टाइप बी (मोठा) असे दोन आकार असतात. टाइप ए टाकल्यावर फिरायचा थांबला. हे बारीक हाताच्या पुरुषांनाही लागू आहे, लंबूटांग्या. झाकलं जाणारं क्षेत्र थोडं कमी होतं हे खरं, पण जागेवर राहणारा लहान पॅड मला फिरणाऱ्या मोठ्यापेक्षा चालतो.

घाटपायथा

ताई, हे माझ्या यादीत नव्हतं. +१.

लंबूटांग्या

एम जॅकेटच्या बाह्या शिंप्याकडून लांब करून घेता येतील का? किंवा एल आवळून? कोथरूडमध्ये ओळखीचे एक शिंपी आहेत, ते 'आणा, करून देतो' म्हणाले.

इचलकरंजीकर

आणा म्हणणार ते, पण देऊ नका.

आमचं गाव सुताचं, घरात माग होता, म्हणून बोलतो. जॅकेटच्या खांदा-बाहीच्या जोडाला दोन-तीन टिपा असतात, त्यातली एक आतून झाकलेली. बाहेरची घासून गेली तरी आतली धरून ठेवते. ती उसवून साध्या मशीनवर साध्या दोऱ्याने एक टीप मारली की दिसायला तसंच दिसतं आणि ताण आला की तिथूनच उघडतं. कंबरेचा घोळ, आतल्या अस्तराची लांबी, खिसे असली कामं खुशाल करा. खांदा, कोपर, बाहीची बाहेरची शिवण यांना हात लावू देऊ नका. आणि बाही लांब करायला कापड आणणार कुठून?

कापडाचंही सांगतो. '६०० डी'च्या पाट्या बघून हुरळू नका. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममध्ये वजन, बस. सूत किती जाड ते त्यातून कळतं, किती चिवट ते नाही. ५०० डेनियरचं चांगलं नायलॉन, म्हणजे कॉर्ड्युरासारखं, ६०० डेनियरच्या साध्या पॉलिस्टरपेक्षा घासायला जास्त टिकतं आणि वजनालाही हलकं पडतं. टॅगवर नायलॉन की पॉलिस्टर ते वाचा. जाळी घेताना ती दोन्ही हातांनी तिरकी ओढून बघा. भोकं वेडीवाकडी होऊन परत जागेवर आली नाहीत तर ती जाळी खुर्चीला ठीक, जॅकेटला नाही.

धुताना आर्मर काढून, थंड पाण्यात, कमी पावडर, कम्फर्ट-बिम्फर्ट काही नको, सावलीत वाळत. उन्हात ठेवलं की नायलॉन कमजोर होतं.

लंबूटांग्या

मंडळी, शनिवारी हेल्मेट घेऊन निघालो आणि दिवसभर दुकानं पालथी घातली. रॉयल एनफिल्ड, रायनॉक्स, व्हायाटेरा, सोलेस जे जे मिळालं ते घालून गाडीवर बसून बघितलं. लोक हसले, हसू देत.

एक गंमत लक्षात आली. काट्यावर दोन जॅकेटं जवळपास सारखी होती, पावणेदोन किलोच्या आसपास. एक अंगात जाणवत नव्हतं आणि दुसरं मानेवर लटकत होतं. जे जाणवत नव्हतं त्याची कंबर पट्ट्याने आवळली होती, त्यामुळे भार कंबरेवर येत होता. वजनाच्या आकड्यामागे मी उगाच लागलो होतो.

शेवटी एका मेश जॅकेटचा एमच बसला, बाही गाडीवर मनगटाच्या हाडापर्यंत येते. त्याच्या बाह्यांना कोपरापाशी ताणणारं कापड आहे, म्हणून हात पुढे केला तरी बाही वर ओढली जात नाही. वर्ग ए आहे, एए नाही, म्युनिकस्थ रागावू नका. खांदा-कोपराला जाळी नाही. साडेनऊ हजारांत मिळालं. उरलेल्यात पाठीचा लेव्हल २ पॅड आणि रेनसूट. रेनसूट आर्मरवरून घालून बघितला, एक्सएल लागला!

म्युनिकस्थ

रागावलो नाही. खांद्याला जाळी नसलेलं, न फिरणारं ए हे मला घोळदार एएपेक्षा पसंत आहे. ग्लोव्हज कुठले हा पुढचा धागा काढा.

स्वारी_निघाली

अभिनंदन. कोपराच्या त्या ताणणाऱ्या पट्टीवर आर्मरचा खिसा आहे ना, की पट्टीच्या खाली नुसतं अस्तर? बघून सांगा.

लंबूटांग्या

बघितलं, आर्मर पट्टीच्या खालच्या बाजूला, जाड कापडाच्या आत आहे. पट्टी हाताच्या आतल्या वळणाकडे आहे.

मागची_सीट

मी वाचनमात्र असते, पण विचारते. नवऱ्याने स्वतःला १४ हजारांचं घेतलंय आणि मला म्हणतोय तुला जुनं विंडचीटर चालेल. मागे बसणाऱ्याने काय बघायचं?

घाटपायथा

ताई, आधी नवऱ्याला हा धागा वाचायला द्या. पडताना मागचा माणूस वेगळ्या रस्त्यावर पडत नाही.

मापात फरक आहे. मागे बसणारा सरळ बसतो, हात पुढे ताणलेले नसतात, त्यामुळे बाहीची लांबी कमी पुरते. पण मांडीवर जॅकेटची पुढची कड गोळा होऊन पोटाला टोचते, तेव्हा पुढून आखूड आणि मागून लांब असं बघा. दुसरं, तुम्हाला पुढच्याच्या पाठीची आड असते, वारा कमी लागतो. म्हणून त्याला जेवढी जाळी पुरते त्यापेक्षा तुम्हाला जास्त मोकळी लागते, आणि ती छातीवर असून उपयोग नाही, बाह्या आणि कुशीत हवी. दुकानात दोघं मिळून गाडीवर बसून बघा. पाठीचा पॅड तुम्हालाही लेव्हल २चाच घ्या, तुमच्या मागे टेकायला काही नसतं.

मागची_सीट

वाचायला दिला. 'कशाला_हवं' यांची प्रतिक्रिया तेवढी मोठ्याने वाचून दाखवली त्याने. रविवारी दुकानात जातोय.